कावळा, फांदी आणि कळफलक

संगणकाचा कळफलक बंद पडला तर काय करावे, याची पत्रके आता अनेक शाळांच्या संगणक कक्षांत भिंतीवर चिकटवलेली दिसतात. परळच्या एका शाळेतील असे एक पत्रक तेथील शिक्षकांनी आम्हाला वाचायला दिले. त्याचे शीर्षक आहे 'ड्रायव्हर अपडेटनंतर कळफलक बंद पडल्यास'. खाली नऊ उपाय क्रमाने दिले आहेत. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, तार काढून पुन्हा लावा, ड्रायव्हर काढून टाका व नव्याने बसवा, जुना ड्रायव्हर परत आणा, दुसरा कळफलक लावून पाहा, असे करत करत यादी नवव्या उपायाशी येते : अपडेट कायमचे बंद ठेवा.

पत्रक एका पानाचे असले तरी त्याची चिकित्सा करावी असे आम्हाला वाटते. विद्यार्थी ते रोज वाचतात. बिघाड म्हणजे काय आणि त्याचे कारण कसे शोधायचे, याचा पहिला पाठ त्यांना अनेकदा त्यातूनच मिळतो.

पत्रकाचे गुण आधी सांगायला हवेत. भाषा सोपी आहे, वाक्ये छोटी आहेत आणि सुचवलेले बहुतेक उपाय निरुपद्रवी आहेत. पहिल्याच उपायाने बरेचदा काम होते आणि त्यात जादू काही नाही. ड्रायव्हर ही एक छोटी आज्ञावली असते. कळफलकासारख्या उपकरणाचे संकेत संगणकाच्या मुख्य प्रणालीला समजतील अशा रूपात पोहोचवणे हे तिचे काम. ती एखाद्या चुकीच्या अवस्थेत अडकली असेल तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती कोरी होऊन पहिल्यापासून कामाला लागते.

दोष सुरू होतो तो शीर्षकापासून. 'अपडेटनंतर' हा शब्द तिथे निव्वळ काळ सांगण्यासाठी आलेला नाही. तो कारण सांगून मोकळा होतो. रोग्याला तपासण्यापूर्वीच चिठ्ठी लिहावी तसे हे झाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण मुलांना म्हण म्हणून शिकवतो. संगणक कक्षात मात्र विसरतो. अपडेट वरचेवर येत असतात. त्यामुळे कळफलक कोणत्याही दिवशी बिघडला तरी त्याच्या आधी कोणते ना कोणते अपडेट झालेले असणारच. शिवाय साध्या यूएसबी कळफलकाला बहुधा स्वतःचा खास ड्रायव्हर नसतोच. अशा सर्व कळफलकांसाठी प्रणालीबरोबर येणारा एकच सामाईक ड्रायव्हर त्याचे काम पाहतो.

दुसरा दोष क्रमाचा. दुसरा कळफलक लावून पाहणे, ही सर्वांत जास्त माहिती देणारी आणि काहीही न बदलणारी चाचणी यादीत पाचवी आहे. ड्रायव्हर काढून टाकणे मात्र तिसरे. म्हणजे पुरावा गोळा करण्याआधीच तो पुसण्याची सोय झाली. एकामागून एक उपाय करत गेल्यावर कळफलक चालू झाला, तरी तो कशामुळे चालू झाला हे कळत नाही. पुढच्या आठवड्यात तोच बिघाड आला की नऊ उपायांचे पारायण पुन्हा पहिल्यापासून.

यादीऐवजी काय हवे? आधी कळीचा प्रवास समजून घ्यायला हवा. आपण 'क' ची कळ दाबतो तेव्हा कळफलकाच्या आतील उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत एका ठिकाणी परिपथ पूर्ण होतो. कळफलकातील लहानशी चिप ही जागा ओळखून तिचा क्रमांक तारेवाटे संगणकाकडे पाठवते. तिथे ड्रायव्हर तो क्रमांक स्वीकारतो. मग प्रणाली निवडलेली भाषा आणि मांडणी पाहून त्या क्रमांकाचे अक्षर ठरवते, आणि शेवटी ते अक्षर आपण लिहीत असलेल्या कागदावर उमटते. कळफलक स्वतः अक्षर पाठवत नाही, फक्त कळीची जागा कळवतो, ही गोष्ट अनेक शिक्षकांनाही नवी वाटते. म्हणूनच एकच कळफलक इंग्रजी आणि मराठी, दोन्ही लिहू शकतो.

या साखळीत पाच-सहा दुवे आहेत. तुटलेला दुवा शोधायचा तर साखळी मधोमध तपासायची, म्हणजे अर्धी साखळी एका फटक्यात संशयातून सुटते. त्यासाठी चार चाचण्या पुरेशा आहेत आणि एकीलाही पैसा लागत नाही.

पहिली चाचणी कॅप्स लॉकच्या दिव्याची. कळ दाबताच कळफलक आपणहून हा दिवा लावतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कळीचा क्रमांक संगणकाकडे जातो आणि दिवा लावण्याची आज्ञा संगणकाकडून परत येते. दिवा लागत-विझत असेल तर जाण्या-येण्याची वाट बहुतांशी शाबूत आहे. मग दोष अक्षर ठरवण्याच्या किंवा उमटण्याच्या टप्प्यावर शोधावा.

दुसरी चाचणी संगणक सुरू होतानाची. विंडोज अजून जागी झालेली नसते तेव्हा संगणकाच्या मूळ पटलावरील बायोस नावाची आज्ञावली कळफलक स्वतः वाचते. विंडोजच्या ड्रायव्हरचा तिथे संबंध नसतो. संगणकाच्या बनावटीप्रमाणे एफ-२ किंवा डिलीट दाबून बायोसच्या पानात शिरता आले आणि बाणांच्या कळा चालल्या, तर तार, चिप आणि कळा निर्दोष ठरतात. तिथेही कळफलक मुका असेल तर विंडोजच्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. तार, जोडणी आणि कळफलक तपासावेत.

तिसरी चाचणी अदलाबदलीची. हा कळफलक शेजारच्या चालू संगणकाला लावायचा आणि शेजारचा इकडे आणायचा. लॅमिंग्टन रोडवरचा जाणता कारागीर हेच करतो : खात्रीचा एक कळफलक हाताशी ठेवतो आणि आधी तो लावून पाहतो. प्रयोगशाळेत आपण ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतो, त्याचाच हा दुकानी अवतार.

चौथी चाचणी पडद्यावरच्या कळफलकाची. माउसने त्याची अक्षरे दाबली की ती तार आणि कळफलकाचा ड्रायव्हर यांना वगळून थेट प्रणालीकडे जातात. ती नीट उमटली तर दोष खालच्या दुव्यांत. तीही भलतीच उमटली तर मांडणीत.

मांडणीचा हा मुद्दा मराठी शाळांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. संगणकावर इंग्रजीबरोबर मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी घातलेली असते. काही कारणाने सुरुवातीची मांडणी मराठी झाली, तर सांकेतिक शब्द लिहिताना इंग्रजी 'के' च्या जागी 'क', 'एच' च्या जागी 'प' आणि 'जे' च्या जागी 'र' जातो. पडद्यावर मात्र नुसते ठिपके दिसतात. सांकेतिक शब्द तीनदा नाकारला गेला की 'कळफलक बिघडला' असा निष्कर्ष निघतो. दुसरे उदाहरण फिल्टर कीजचे. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ही सोय चालू करण्याची विचारणा होते आणि ती चालू झाली तर कळीवरचे झटपट, हलके दाब दुर्लक्षिले जातात. हात थरथरणाऱ्यांसाठी ती उपयुक्त आहे. पण कोपर टेकवून बसलेल्या विद्यार्थ्याकडून नकळत चालू झाली तर कळफलक मेल्यासारखाच वाटतो. या दोन्ही प्रसंगांचा पत्रकात उल्लेख नाही.

अपडेट नेहमीच निर्दोष असते, असे मात्र कोणी समजू नये. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी विंडोज १० साठी निघालेल्या एका अपडेटनंतर काही संगणकांवरील यूएसबी कळफलक आणि माउस खरोखरच बंद पडले. चालू ड्रायव्हर काढला गेला आणि नवा बसवायचा राहून गेला, असे त्याचे कारण मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले. ५ मार्चला दुरुस्ती आली. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतरची तऱ्हा आणखी बोधप्रद होती. यूएसबी कळफलक विंडोजमध्ये व्यवस्थित चालत होता, पण बिघाड दुरुस्त करण्यासाठी असलेल्या रिकव्हरीच्या पडद्यावर मुका होत होता. जुन्या गोल खुंटीचे पीएस-टू कळफलक तिथेही चालत होते. ही दुरुस्ती २० ऑक्टोबरला आली. दोन्ही वेळी अपडेट दोषी ठरले ते 'नंतर घडले' एवढ्यावर नव्हे. कोणता दुवा, कोणत्या अवस्थेत तुटतो हे दाखवता आले म्हणून.

'नंतर' आणि 'मुळे' यांतील अंतर किती महाग पडू शकते, याचे उदाहरण परळमध्येच घडले आहे. १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्याआधी परळमध्ये लस बनवण्याच्या पद्धतीत बदल झाला होता. आजच्या भाषेत ते अपडेटच. चौकशी आयोगाचा संशय परळच्या प्रयोगशाळेवर गेला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले.

पण त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या आणि दगावलेले सर्व १९ जण '५३-एन' या एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. दोष नव्या पद्धतीचा असता तर तो एका बाटलीशी थांबण्याचे कारण नव्हते. म्हणजे त्या एका बाटलीचा इतिहास तपासायला हवा होता. तो तपासताना दिसले की बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. तोवर पाच वर्षे गेली होती. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.

आता पत्रकातील नववा उपाय. अपडेट कायमचे बंद ठेवा, हा सल्ला आम्हाला सर्वांत घातक वाटतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. ती ज्या छिद्रातून शिरत होती ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच निघाले होते. ते न घेतलेले संगणक सापडले. शाळेच्या संगणकांत विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते आणि दाखले असतात. एका कळफलकाच्या रागापायी ते उघड्यावर टाकणे शहाणपणाचे नाही. दोषी अपडेट तेवढे तात्पुरते मागे घ्यावे आणि दुरुस्ती आली की बसवावे.

पत्रक काढून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. ते नव्याने लिहावे आणि ते काम विद्यार्थ्यांना द्यावे. एक तासिका पुरेल. शिक्षकांनी एका संगणकाची मांडणी मराठी करावी, दुसऱ्यावर फिल्टर कीज चालू करावी, तिसऱ्याची तार मागून किंचित सैल करावी आणि चौथा अगदी ठीक ठेवावा. विद्यार्थ्यांच्या गटांनी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत चार रकाने भरायचे : काय दिसले, काय बदलले, मग काय दिसले, त्यावरून कोणता दुवा संशयातून सुटला. चौथ्या संगणकावर दोष 'सापडला' असे लिहिणाऱ्या गटाशी थोडी अधिक चर्चा करावी. या वह्यांतून जे पत्रक तयार होईल त्याचे शीर्षक 'कळफलक चालत नसल्यास' एवढेच ठेवावे.