‘राक्षस कोठे आहेत?’

गॅरेथ एडवर्ड्स यांच्या ‘मॉन्स्टर्स’ (२०१०) या अल्पखर्ची विज्ञानपटाविषयी अनेक प्रेक्षकांची तक्रार अशी, की शीर्षकातील राक्षस पडद्यावर फारसे दिसतच नाहीत. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत हा अपेक्षाक्षितिजाचा भंग होय. त्याचे कारण केवळ तुटपुंजे भांडवल, असे मानणे अपुरे ठरेल. मेक्सिकोतील ‘बाधित प्रदेश’ ओलांडणाऱ्या दोघांच्या वाटेवर उद्ध्वस्त वस्त्या, लढाऊ विमाने आणि शेवटी अमेरिकेच्या सीमेवरील अजस्र भिंत येते. परग्रहावरील जीव मात्र अखेरीस पेट्रोलपंपावर परस्परांना हळुवार स्पर्श करताना दिसतात. म्हणजे ‘राक्षस कोठे आहेत?’ हा प्रेक्षकाचा वैतागलेला प्रश्नच संहितेचा मध्यवर्ती प्रश्न आहे. तथापि संथपणाचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. भयाची जागा ज्या प्रेमकथेने घ्यावी, ती मधल्या प्रवासात क्षीण होते. अपेक्षाभंग अर्थपूर्ण असला, तरी तेवढ्याने कंटाळ्याचे समर्थन होत नाही.