संप्रेरक ग्राहींचे संगणकीय प्रतिमान : बंधन आणि परिणाम

मानवी संप्रेरक ग्राही प्रथिनांवरील संगणकीय 'डॉकिंग'चे लेख महाविद्यालयीन नियतकालिकांत आता विपुल येतात. मांडणी बहुधा ठरलेली असते. एखाद्या वनस्पतीतील दहा-वीस संयुगे घ्यावयाची, इस्ट्रोजेन ग्राही-अल्फाच्या संरचनेत बसवून पाहावयाची आणि ज्याची बंधनऊर्जा सर्वांत ऋण येईल त्यास स्तनकर्करोगावरील संभाव्य औषध म्हणावयाचे. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप साधनावर नसून या शेवटच्या पायरीवर आहे.

बंधन आणि परिणाम या भिन्न गोष्टी होत. १९९७ साली ब्रझोझोव्स्की व सहकाऱ्यांनी या ग्राहीच्या दोन स्फटिकसंरचना प्रसिद्ध केल्या. एक इस्ट्राडायॉलसह, दुसरी रॅलॉक्सिफिनसह. दोन्ही रेणू एकाच पोकळीत घट्ट बसतात. भेद पडतो तो प्रथिनाच्या बाराव्या हेलिक्समध्ये. इस्ट्राडायॉल असता ते पोकळीवर झाकणासारखे मिटते व सहकारी प्रथिनांना चिकटण्यास जागा तयार होते. रॅलॉक्सिफिनची लांब शाखा झाकण मिटू देत नाही आणि बाजूस सरकलेले हेलिक्स तीच जागा अडवते. पहिल्याने ग्राही कार्यान्वित होतो, दुसऱ्याने रोखला जातो. डॉकिंगचा गुणांक हा फरक सांगत नाही. शिवाय प्रथिन स्थिर धरलेले असल्यामुळे कोणती संरचना निवडली यावरच उत्तर पुष्कळसे अवलंबून राहते. मिटलेल्या संरचनेत टॅमॉक्सिफेनसारखा रेणू नीट मावतच नाही. तरीही अनेक लेखांत संरचनेचा संकेतांक असतो, निवडीचे कारण नसते.

अंकांचेही तसेच. सामान्य तापमानास सुमारे १.४ किलोकॅलरी प्रतिमोल फरकाने बंधनाची तीव्रता दहापट बदलते. प्रचलित गुणांकन पद्धतींची चूकच दोन-तीन किलोकॅलरींच्या घरात आहे. मग ऋण ८.९ आणि ऋण ८.४ यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्यास आधार कोणता?

ही केवळ काटेकोरपणाची बाब नव्हे. सोयाबीनमधील जेनिस्टीन या ग्राहीशी बांधले जाते, परंतु अल्प मात्रेत ते एमसीएफ-७ या स्तनकर्करोग-पेशींची वाढ रोखत नाही, वाढविते. केवळ गुणांक पाहणारा लेखक त्यासही औषधांच्या यादीत घालील.

तेव्हा परीक्षकांनी किमान तीन गोष्टी मागाव्यात : ज्ञात रेणू त्याच्या मूळ जागी पुन्हा बसवून दाखविणे, मिटलेल्या व उघड्या अशा दोन्ही संरचनांवरील निष्कर्ष देणे आणि पेशींवरील चाचणी झालेली नसल्यास 'औषध' हा शब्द शीर्षकातून काढणे.