धनराजची धाव

हॉकीपटू धनराज पिल्लेचे नाव निघाले की लोक आधी त्याचा वेग आठवतात. वेग होताच, पण वेगवान आघाडीपटू पुष्कळ होऊन गेले. टर्फच्या मैदानापासून लांब, इकडे रिसोडला, आम्ही त्याला टीव्हीवरच पाहिले. पाहता पाहता लक्षात येत गेले, की त्याच्या धावेची खरी गोडी तिच्या शेवटात आहे. जिवापाड सांभाळलेला चेंडू तो नेमक्या क्षणी दुसऱ्याला देऊन टाकतो.

ही धाव जरा सावकाश बघावी. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते. चेंडू डावी-उजवीकडे खेळवायचा तर दर वेळी मनगटाने ती उलटीसुलटी करावी लागते. धनराज हे पूर्ण वेगात करी. कंबरेत वाकलेला, लांब केस उडताहेत, आणि चेंडू स्टिकला बिलगलेला. पहिला बचावपटू चकला की दुसरा धावून येई, मग तिसरा. तिघे त्याच्याभोवती गोळा झाले म्हणजे दुसरीकडे डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, कुणीतरी मोकळा असणारच. त्या मोकळ्या खेळाडूकडे चेंडू गेलेला असे.

हे मनगट खडकीत घडले. वडील आयुध निर्माणीच्या मैदानाची देखभाल करणारे. घरची मुले मोडक्या स्टिक बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळत. त्याचा आदर्श होता मोहम्मद शाहिद, ड्रिब्लिंगचा जादूगार. पण 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फ आले आणि दमसास, लांब पास, पेनल्टी कॉर्नर यांचा जमाना सुरू झाला. ड्रिब्लिंग संपले, असे म्हणणारे कमी नव्हते. 1989 मध्ये भारताकडून खेळू लागलेल्या धनराजने टर्फचा वेग घेतला आणि त्यावर शाहिदच्या परंपरेतले मनगट चालवून दाखवले.

काव्यशास्त्रातल्या रसांच्या भाषेत बोलायचे तर या खेळाचा स्थायीभाव उत्साह, म्हणजे रस वीर. 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोक्सवर हरवले आणि 32 वर्षांनी सुवर्ण मिळवले. पण या वीराला करुणाची किनार आहे. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडने अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली, उपांत्य फेरी हुकली, आणि धनराज रडला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. त्यांत एकही पदक नाही. 2002 च्या चॅम्पियन्स करंडकात संघ चौथा आला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

त्याच्या खेळाची पूर्ण पक्वता मला 2003 मध्ये दिसते. क्वालालंपूरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला 4-2 असे हरवून तो चषक पहिल्यांदाच जिंकला. कर्णधार धनराज पस्तिशीचा. सोबत गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, प्रभज्योत सिंग हे त्याच्याहून कितीतरी लहान. विशीतला धनराज धावे तेव्हा मैदान त्याचे असे. पस्तिशीतला धनराज धावे तेव्हा ते या पोरांसाठी मोकळे होई.

म्हणून नव्या मुलांना त्याचे जुने सामने दाखवताना नुसते गोल मोजायला सांगू नये. गोल कुणी केला, यापेक्षा त्याच्यासाठी वाट कुणी मोकळी केली, हे बघायला शिकवावे. धनराजचा मोठेपणा तिथेच नीट कळतो.