चिखलाचा पेटीकोट कोणी धुतला?

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखिकांच्या कादंबऱ्या पुन्हा लिहिण्याची आता इंग्रजीत एक परंपराच झाली आहे. या पुनर्लेखनांचे स्वागत करताना समीक्षक हटकून लिहितात की मुक्यांना वाचा मिळाली. कोणत्या मुक्यांना, आणि कोणाचे कोण म्हणून, हे मात्र कोणी विचारीत नाही.

शार्लट ब्राँटेच्या 'जेन आयर' (१८४७) मध्ये रॉचेस्टरची पहिली बायको बर्था माळ्यावर कोंडलेली आहे. ती जमेकातल्या मळेवाल्याची मुलगी. तिच्या तीस हजार पौंडांसाठी हे लग्न झाले. तिला बोलणे नाही, नुसते गुरगुरणे आहे. जीन ऱ्हीसने 'वाइड सारगॅसो सी' (१९६६) मध्ये तिला अँट्वानेट हे नाव, बालपण आणि बाजू दिली. काम मोठेच आहे. पण १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी मोडली तेव्हा ब्रिटनने दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली, ती मालकांना. गुलामांना एक पै नाही. अँट्वानेट त्या मालकांच्या घरची आहे. ऱ्हीसचे आजोळही डोमिनिका बेटावरच्या मळेवाल्यांचेच.

याच घरात क्रिस्तोफीन आहे. अँट्वानेटच्या आईला लग्नात भेट मिळालेली मार्टिनिकची काळी बाई. भेट म्हणून बाई देतात, हे कादंबरी सहज सांगून जाते! नवऱ्याचा डाव ओळखते ती हीच. अँट्वानेटच्या पैशाचा विषय ती त्याच्या तोंडावर काढते. तो मॅजिस्ट्रेटचे पत्र दाखवून तुरुंगाची भीती घालतो. लिहितावाचता न येणारी क्रिस्तोफीन मागे न पाहता निघून जाते, आणि कादंबरी तिच्या मागे जात नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या निबंधात तिचे हे कडेला पडणे दाखवले. बेनिटा पॅरी यांनी त्यावर हरकत घेतली : क्रिस्तोफीन तर ठणकावून बोलते. बोलते, मान्य. पण बोलून ती कुठे गेली?

जो बेकरची 'लाँगबोर्न' (२०१३) मला अधिक जवळची वाटते. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मध्ये एलिझाबेथ तीन मैल चिखल तुडवीत आजारी बहिणीकडे जाते. तिचा सहा इंच चिखलाने भरलेला पेटीकोट म्हणजे तिच्या बाणेदारपणाची खूण, असे आम्ही इंग्रजीचे मास्तर वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तो धुतला कोणी, हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही. बेकरची कादंबरी धुण्याच्या दिवशीच सुरू होते. थंडीने फुटलेल्या हातांची मोलकरीण सारा तेच पेटीकोट धुते आहे. पुढे पाऊस लागतो. मुलींना घराबाहेर पडता येत नाही, तरी नाचासाठी बुटांवरची फुले हवीतच. ऑस्टिन एवढेच लिहिते की ती दुसऱ्याकरवी आणवली. बेकर त्या दुसऱ्याला गाठते. पावसात साराच भिजते. लोकांची धुणी करून आल्यावर माझी आई हातांना खोबरेल चोळीत बसे. एवढे साधे वाक्य मला इंग्रजी कादंबरीत भेटायला प्राध्यापक होऊन बरीच वर्षे जावी लागली.

मात्र इथेही एक मेख आहे. घरचा नोकर जेम्स कोण? तर खुद्द मालक बेनेटचा, हिल या हाउसकीपरपासून झालेला मुलगा. नोकराला नायक करायचे तर त्याच्या अंगात मालकाचे रक्त कशाला हवे? मराठी वाचकाला ही युक्ती नवी नाही. 'मृत्युंजय'वर (१९६७) डोळे पुसणाऱ्यांना राधेचा कर्ण पुरत नाही. कुंतीचा, सूर्याचा कर्ण लागतो. सूतपुत्र तो सूतपुत्र म्हणूनच थोर असता तर इतके अश्रू आले असते का? जेम्सला इस्टेट मिळत नाही, हे खरे. ती कॉलिन्सच्याच वाट्याची. तरी कथेचा केंद्रबिंदू बापाच्या घराण्यातूनच त्याच्याकडे आला आहे.

याउलट सारा अनाथ आहे. तिच्यामागे कुठलाही गुप्त बाप उभा केलेला नाही. ती पेंबर्लीसारख्या ऐश्वर्यातली नोकरी सोडून स्वतःच्या पायांनी चालू लागते. पुस्तकातले सर्वांत खरे पाऊल हेच.

पण ती चालत जाते जेम्सच्या शोधात. बिंग्लींचा नोकर टॉलेमीही तिच्याकडे ओढला गेला होता. हा साखरेच्या मळ्यावरून आणलेला, मुक्त झालेला गुलाम; आडनाव मालकाचेच, बिंग्ली. सारा त्याला नाकारते तो तिचा अधिकार. लेखिकेनेही मग त्याला कडेलाच ठेवावे, हे मला खटकते. त्या मळ्यावर त्याची आई होती. तिची कादंबरी लिहायला एलिझाबेथच्या पेटीकोटाचे टोक धरावे लागणार नाही.