वही एकाची, सही दुसऱ्याची

चौदा मिनिटं पस्तीस सेकंद. एवढ्या वेळात आमच्या बँकेत पासबुक भरून मिळतं, असं आम्ही म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं, तेवढ्यात फक्त प्रिंटर गरम होतो. ते असो. सांगायचा मुद्दा, एवढ्या लांबीचं एक गाणं १९७९ साली अमेरिकेत निघालं. नाव 'रॅपर्स डिलाइट', म्हणणारे शुगरहिल गँग. 'गँग' म्हटलं म्हणून दचकू नये. वंडर माइक, बिग बँक हँक आणि मास्टर जी अशी तिघंच पोरं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पार्ट्यांत वाढलेला हा प्रकार शेजारच्या न्यू जर्सीत सिल्विया रॉबिन्सन या बाईंनी तबकडीवर चढवला. १९८० च्या जानेवारीत गाणं अमेरिकेच्या यादीत ३६ व्या नंबरावर पोचलं. पहिल्या चाळिसात शिरलेलं हे पहिलं रॅप गाणं.

आता गाणं म्हणावं, तर यात कुणी गातच नाही. तिघं आळीपाळीनं तालावर यमकं जुळवत बोलत सुटतात. पण बोलणं मोठं खुसखुशीत! मित्राकडे जेवायला गेल्यावर समोर आलेलं भिकार जेवण, आणि ते न खाता सटकायचं कसं, यावर वंडर माइक जे बोलतो, ते ऐकून कुणालाही आपला एखादा नातलग आठवावा. प्रेम, विरह, चंद्र यांच्याखेरीज गाण्यात फसलेली आमटीही मावते, हे या पोरांनी दाखवलं. ही काही लहान कामगिरी नव्हे. गाणं लांबलंय हे खरं, पण खालचा ठेका असा पक्का, की पाय थांबत नाही.

तो ठेका मात्र उसना. 'शिक' या बँडच्या 'गुड टाइम्स'चा. स्टुडिओत वादक बसवून तो नव्यानं वाजवून घेतला एवढंच. 'शिक'च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कोर्टाची भाषा केली, तडजोड झाली, आणि गाण्यावर त्यांची नावं लागली. व्यवहार नियमित झाला. आम्ही कॉमर्सवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकावा, तर पुढचं खातं उघडतं.

हँक हा पिझ्झाच्या दुकानात कामाला. त्याची ओळख ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या ब्रॉन्क्समधल्या कवीशी. कॅझचं सांगणं असं, की हँकनं त्याची वही नेली आणि तिच्यातलंच म्हटलं. आता चोरीचा पुरावा शोधायला पोलीस लागतात. इथं तो गाण्यातच आहे. कॅझचं जुनं टोपणनाव 'कॅसानोव्हा फ्लाय'. हँक त्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून, ठणकावून, स्वतःचं म्हणून सांगतो! दुसऱ्याच्या चेकवर दुसऱ्याचीच सही, आणि काउंटरवर उभा तिसराच. जगातल्या एकाही कारकुनानं विचारलं नाही, 'अहो, हे नाव तुमचं कसं?'

कॅझला ना नाव मिळालं, ना पैसे. फरक इतकाच, की 'शिक'वाल्यांचं गाणं आधीच बाजारात होतं, हक्क कागदावर होते, वकील ठेवायची ऐपत होती. कॅझकडे वही होती, आणि तीसुद्धा दिलेली. कागद नसलेल्याचं खातं कोरंच राहतं, हे मी रोज पाहतो. पण एरवी ते इतक्या सुंदर तालावर होत नाही.

२०११ च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हे गाणं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलं. योग्यच केलं. २०१४ साली हँक वारला. गाणं जरूर ऐका, आमटीला हसा, ठेका धरा. फक्त ते स्पेलिंग येईल तिथं कान टवकारा. साऱ्या गाण्यात कवीची खरी सही तेवढीच आहे, आणि तीही ठोकली आहे भलत्यानंच.