साथ, मंदी आणि मराठी कादंबरींतील मन

रोगाच्या साथीचा इतिहास लिहिणारा मृतांची संख्या देतो, आणि मंदीचा इतिहास लिहिणारा रुपयांची. या दोन आंकड्यांच्या मध्यें एक तिसरी गोष्ट राहून जाते. जो मेला नाहीं, आणि ज्याचें घरहि अजून विकलें गेलें नाहीं, अशा मनुष्याच्या मनाचें त्या काळांत काय झालें? हा हिशेब सरकारी दप्तरांत सांपडत नाहीं. तो ठेवण्याचें काम साहित्याचें आहे. मराठी साहित्यानें तें कितपत केलें, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

हा विचार सुचण्यास आमचें गांवच कारण झालें. राजुरा हें वर्धा नदीच्या कांठचें, सीमेजवळचें गांव. पूर्वीं तें निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ सालीं आदिलाबाद जिल्ह्यांतून निघून मुंबई राज्यांत आलें. आज आसपास कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, आणि बाकी कापसाचें रान आहे. लक्कडकोटचा नाका ओलांडला कीं तेलंगण लागतें. दरवर्षीं उन्हाळ्याच्या तोंडावर चंद्रपूर-गडचिरोलीकडील हजारों मजूर तिकडे मिरची तोडावयास जातात. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ती लागूहि झाली. हे मजूर परक्या शेतांत अडकले, आणि त्यांतले अनेक पायींच घराकडे निघाले.

अशांपैकीं एक गृहस्थ पुढें आमच्या ओळखीचे झाले. रोग त्यांस झाला नव्हता. मजुरीचे कांहीं पैसे बुडाले होते, पण उपासमारहि झाली नव्हती. तरी वर्ष उलटून गेल्यावर प्रकृतीची चौकशी केली असतां ते म्हणाले, "तब्येत बरी आहे जी. मन लागत नाहीं." कशांत लागत नाहीं, असें विचारल्यावर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "कशांतच." हा जो 'कशांतच' आहे, त्याचा शोध आमच्या वाङ्मयांत घ्यावा असें त्या दिवसापासून वाटत आलें.

साथींचा आणि मराठी साहित्याचा संबंध जुना आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. पुढच्याच वर्षीं साथरोगांचा कायदा झाला, पुण्यांत रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि चापेकरांनीं रँडचा वध केला. १९०५ सालीं कवि केशवसुत हुबळीस प्लेगनेंच वारले. एवढें झालें, तरी त्या काळाविषयीं आमच्या स्मरणांत जें राहिलें तें मुख्यतः सत्तेचा जुलूम आणि व्यक्तीचा त्याग. दोन्ही गोष्टी थोर आहेत यांत संशय नाहीं. परंतु घर सोडून छावणींत गेलेल्या आणि पुन्हां त्याच घरांत परतलेल्या सामान्य कुटुंबाची झोप कशी होती, हें आम्हांस फारसें कोणीं सांगितलें नाहीं. शौर्याला चरित्रकार भेटला. धास्तीला भेटला नाहीं.

मात्र मराठी कादंबरी या बाबतींत अगदींच मुकी राहिली असें म्हणणें अन्यायाचें होईल. तीन कादंबऱ्यांकडे वाचकांचें लक्ष वेधावेसें वाटतें. टीकाकारांनीं त्यांचा गौरव पुष्कळ केला आहे, पण या दृष्टीनें त्या क्वचितच वाचल्या गेल्या आहेत.

पहिली, व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५). तींत रोगाची साथ नाहीं, पाऊस न येणें आहे. आणि मेंढरें हेंच ज्यांचें धन, त्यांना पावसाची ओढ म्हणजे मंदीच होय. वाडी हळूहळू रिकामी होते. माडगूळकर शोकाचें वर्णन करीत नाहींत. माणसें कशी निघून जातात एवढेंच दाखवितात. शाळा सुरू करून गांव जोडणारा तरुण मास्तर शेवटीं एका ओसाड वाडींत उरतो. आर्थिक आपत्तीचा मनावर होणारा पहिला परिणाम रडणें हा नसून सुनेंपण हा आहे, हें या पुस्तकाइतकें संयमानें मराठींत क्वचितच कोणीं सांगितलें असेल. संयम हाच त्याचा गुण. आणि एका अर्थीं तीच त्याची मर्यादाहि. जे गेले त्यांच्या मनांत शिरण्याचें लेखकानें टाळलें आहे.

दुसरी, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें दगावते. त्या प्रकरणानंतर कादंबरीचा सूरच बदलतो. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं पांडुरंगाचा संताप रोगावर नाहीं. तो घरावर, वडीलधाऱ्यांवर आणि स्वतःवर उलटतो. साथींत गेलेल्याच्या मागें राहणाऱ्याचें मन असेंच चालतें. ज्या शत्रूला डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं, त्याच्याऐवजीं तें जवळच्या मनुष्याला धरतें. २०२१ च्या उन्हाळ्यांत ज्या घरांत वेळेवर खाट किंवा प्राणवायु मिळाला नाहीं, त्या घरांतील भाऊ-भाऊ नंतर एकमेकांशीं कां बोलेनासे झाले, याचें उत्तर ज्याला हवें असेल त्यानें तीं पानें पुन्हां वाचावींत.

तिसरी, सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२). शिकूनहि नोकरी न मिळालेला एकनाथ शेतींत परततो. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याच्या कर्जावर कथा थोड्या लिहिल्या गेल्या नाहींत. पण त्यांतील बऱ्याच विषाच्या बाटलीपाशीं संपतात, जणूं मरण हीच एक सांगण्याजोगी घटना. 'बारोमास'चें मोल असें, कीं कर्ज तेथें मरणाच्या आधीं बोलण्यांत उतरतें. नवरा-बायकोच्या शब्दांत तें येतें, बाप-लेकाच्या अबोल्यांत येतें. नांवच सांगतें कीं हें दुःख प्रसंगाचें नाहीं, बारा महिन्यांचें आहे.

आतां शास्त्राची साक्ष पाहूं. पुण्यांत प्लेग चालला होता त्याच १८९७ सालीं फ्रान्समध्यें एमिल डुर्कहेम यानें आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें एक प्रतिपादन असें, कीं केवळ दारिद्र्य मनुष्याला मारीत नाहीं. जगण्याचें माप एकाएकीं उलथून पडणें त्याला मारतें. पुढें ऑस्ट्रियांतील मारियेंथाल या गांवांत गिरणी बंद पडली, तेव्हां मारी याहोडा व तिच्या सहकाऱ्यांनीं तेथील बेकारांचा अभ्यास करून तो १९३३ सालीं छापला. पुरुषांची चाल मंदावली होती. वेळेचें भान सुटलें होतें. आणि आमच्यासारख्या मासिकाच्या वाचकांनीं विशेष मनावर घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, हातीं सारा दिवस मोकळा असूनहि ग्रंथालयांतून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यानें घटली होती. वाचन हें फुरसतीचें फळ आहे असें आपण समजतों. तें खरें पाहतां आशेचें फळ आहे. "मन लागत नाहीं" याचा अर्थ हाच.

आंकडे याहून कठोर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणें २०२० सालीं देशांत १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत ३७,६६६ जण रोजंदारीवर जगणारे होते. पुढच्या वर्षीं हे आंकडे १,६४,०३३ आणि ४२,००४ झाले. दोन्ही वर्षीं राज्यांमध्यें महाराष्ट्राचा क्रम पहिला होता. प्रत्येक मरणाचें कारण साथ किंवा मंदी होतें असें यावरून कोणीं म्हणूं नये. पण दर चार जणांत एक मनुष्य हातावर पोट असणारा, एवढें तरी नाकारतां येणार नाहीं.

ही गोष्ट जमेस धरली म्हणजे २०२० नंतरच्या आपल्या लेखनाविषयीं एक तक्रार करणें भाग पडतें. दैनंदिन्या आल्या, कविता आल्या, एकांताचीं चिंतनें आलीं. त्यांतील कांहीं प्रामाणिक आहेत. परंतु त्यांतील एकांत हा बहुधा पगार चालू असलेल्या घराचा एकांत आहे. रस्त्यानें चालणारा मजूर त्यांत दिसतो, पण खिडकींतून. त्याचे पाय दिसतात, त्याचें गांठोडें दिसतें. त्याला मन आहे असें मात्र सहसा दिसत नाहीं. त्याच्याविषयीं करुणा वाटते, आणि करुणा वाटली कीं लेखकाचें काम आटोपतें. दुःखी मनुष्याला चित्र करून ठेवणें हा त्याला न ऐकण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

यावर दोन आक्षेप येतील. एक म्हणेल, हा प्रश्न वैद्याचा आहे, औषध द्या. दुसरा म्हणेल, हा प्रश्न पोटाचा आहे. काम द्या, मन आपोआप ताळ्यावर येईल. दोघेहि अर्धें खरें बोलतात. आमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांना पुढें काम मिळालें, तरी झोप लगेच परतली नाहीं. आणि काम मिळालें नसतें, तर नुसत्या गोळीनें तिचा निभाव लागला असता असें वाटत नाहीं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत मानसिक विकार असणाऱ्यांपैकीं निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचें आढळलें. आतां १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्ला मिळण्याची सोय २०२२ पासून झाली आहे, हें चांगलेंच आहे. पण दूरध्वनी उचलण्यापूर्वीं आपल्याला काय होतें आहे तें सांगतां आलें पाहिजे, आणि तें सांगण्याला लाज वाटतां कामा नये. २०१७ च्या कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असें गृहीत धरून त्याला शिक्षेपासून सोडविलें. कायदा एवढा पुढें आला, आमची घरें अजून "त्याला कसली कमी आहे?" येथेंच अडून आहेत.

येथें साहित्याचा उपयोग सुरू होतो. तें औषध देऊं शकत नाहीं, मजुरीहि देऊं शकत नाहीं. तें शब्द देऊं शकतें. "मन लागत नाहीं" हा मोडका उद्गार एखाद्या कादंबरींत आपल्या पूर्ण अर्थानें उमटला, तर घरांतल्या एखाद्या बायकोला, बापाला किंवा मुलाला समोरच्या मनुष्याचें मुकेपण ओळखतां येईल. तो आळशी झाला, तुसडा झाला, असें म्हणण्यापूर्वीं ते क्षणभर थांबतील. माडगूळकरांनीं रिकामें गांव दाखविलें, नेमाड्यांनीं उलटलेला संताप, देशमुखांनीं बारमाही कर्ज. नाका ओलांडून पायीं परतलेल्या मनुष्याची कादंबरी अजून यावयाची आहे. ती लिहिणारा बहुधा खिडकींत बसलेला नसेल.