दोषांची गोडी

निर्दोष कृतीपेक्षां एखादी सदोष कृति मनास अधिक चटका लावून जाते, हा अनुभव रसिकांस नवा नाहीं. नवें आहे तें दोष मुद्दाम मिळविणें. फोनवर अगदीं स्वच्छ चित्र घ्यावयाचें आणि मग जुन्या व्हिडिओफितीची थरथर, विटलेले रंग, कोपऱ्यांतला चुकीचा दिनांक हें सर्व त्यावर बोटाच्या एका स्पर्शानें चढवावयाचें, हा सध्यां तरुण मंडळींचा आवडता छंद झाला आहे. माझ्या वर्गांतील दोघां विद्यार्थ्यांचें तेवढ्यानेंही समाधान होईना. खराखुरा जुना कॅमेरा हवा म्हणून ते रे रोड स्थानकाच्या पूर्वेस दारूखान्यांत जाऊन आले. म्हातारीं झालेलीं जहाजें जेथें पिढ्यान्‌पिढ्या मोडींत निघालीं, त्या भागांत वस्तूचा भाव आठवणींवर नव्हे, वजनावर ठरतो. कॅमेरा त्यांस मिळाला नाहीं. एका भंगारवाल्यानें मात्र "चालत नाहीं ती वस्तु हवी कशाला?" असें विचारलें म्हणे. प्रश्न अरसिकाचा खरा. पण टीकाकारानें तो टाळतां कामा नये.

या रुचीचें आद्य दैवत म्हणजे अमेरिकेंतील एक खेळणें. फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीनें १९८७ सालीं मुलांसाठीं पीएक्सएल-२००० नांवाचा कॅमेरा काढला. तो गाण्यांच्या साध्या कॅसेटवर चित्र उमटवी. चित्रास आवाजापेक्षां फितीची जागा फार लागते. म्हणून फीत नेहमींच्या सुमारें नऊपट वेगानें धांवे आणि ९० मिनिटांची कॅसेट अवघ्या ११ मिनिटांत संपे. चित्र काळेंपांढरें, आडव्या १२० व उभ्या ९० ठिपक्यांचें, शिवाय अडखळणारें. बाजारांत तो फार दिवस टिकला नाहीं. पण सेडी बेनिंग यांना ऐन कोवळ्या वयांत तो वडिलांकडून नाताळची भेट म्हणून मिळाला. वडील जेम्स बेनिंग स्वतः चित्रपटकार. त्यामुळें अपेक्षा मोठी, आणि पहिली प्रतिक्रिया शुद्ध निराशेची! पुढें मात्र मिलवॉकीच्या घरांत, आपल्या खोलीचें दार लावून, याच खेळण्यावर बेनिंग यांनीं १९८९ पासून छोट्या चित्रकृतींची एक मालिकाच केली. या कॅमेऱ्याला फार जवळचें दिसे. म्हणून सबंध चौकट कधीं एका डोळ्यानें भरते, कधीं ओठांनीं, कधीं हातानें खरडलेल्या चिठोऱ्यानें. विषय, स्त्रीला स्त्रीविषयीं वाटणाऱ्या प्रेमाची कबुली. त्या काळीं, त्या वयांत, ती मोठ्यानें देणें कठीण होतें. येथें अस्पष्टता हा अलंकार नव्हे. ती बोलणाऱ्याला धीर देणारा पडदा आहे. याच चित्रफिती तेजस्वी आणि रेखीव असत्या तर त्या इतक्या धीट झाल्या असत्या कीं नाहीं, याची मला शंका वाटते.

आपल्याकडील मालेगांवचें उदाहरण मला याहूनही बोलकें वाटतें. यंत्रमागांच्या या गांवांत व्हिडिओ पार्लर चालविणारे व लग्नांचें चित्रण करणारे नासीर शेख यांनीं २००० सालीं 'मालेगांव के शोले' काढला. पुढें त्यांनीं सुपरमॅनला मालेगांवांत आणिलें, त्याची कथा फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगांव' या २००८ च्या माहितीपटांत आहे. सायकल ही कॅमेऱ्याची गाडी होते, बैलगाडी ही क्रेन होते. एकदां तर कॅमेराच पाण्यांत पडतो आणि सर्वांचे चेहरे उतरतात. शहरांतील प्रेक्षक या ठिकाणीं हंसतो, व हंसतांना त्याचा हेवा आणि त्याची कींव यांची सरमिसळ होते. पण नासीर शेखांना धूसर चित्राचें प्रेम आहे असें त्यांत कोठेंही दिसत नाहीं. त्यांना सुपरमॅन उडायला हवा आहे! हिरव्या पडद्यासमोर मागावरचा एक काटकुळा कामगार आडवा होतो, तो विनोद व्हावा म्हणून खरा, पण उडतांना खराच उडाला पाहिजे हा हट्टही त्यांत आहे. आपणांस जी गंमत वाटते ती त्या हट्टाची खूण आहे. रीमा काग्ती यांच्या २०२५ सालीं प्रदर्शित झालेल्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगांव'मध्यें याच कथेला मोठें साधनबळ लाभलें. चित्रपट जिव्हाळ्याचा आहे. तथापि त्यांतील ओबडधोबडपणा जेव्हां कुशल हातांनीं पुन्हां घडविला जातो, तेव्हां तो वेषभूषेसारखा अंगावर बसतो, अंगचा वाटत नाहीं.

फोनवरील कृत्रिम थरथरीविषयीं माझा आक्षेप हाच आहे. तिच्यामागें कोणाचीही झटापट नसते. फीत संपत आली म्हणून काय टिपावें नि काय सोडावें याची घालमेल नसते. ती घालमेलच त्या जुन्या चित्रांची खरी संपत्ति होती, आणि तरुणांस नकळत ओढ आहे तीही तिचीच, असें मला वाटतें. त्यांना दोषी ठरविण्याची मला घाई नाहीं.

राहिल्या घरोघरच्या फिती. गेल्या शतकाच्या अखेरीस मध्यमवर्गीयांच्या लग्नांत व्हिडिओवाला प्रखर दिवा घेऊन पंगतीवरून फिरे, वाढपी व पाहुणे डोळे मिचकावीत, आणि वधूचा चेहरा बदामाच्या आकारांत तरंगे. त्या बदामाची आज चेष्टा होते, व ती रास्तही आहे. पण मुंबईच्या पावसाळ्यांत कपाटांतील या फितींवर बुरशी चढते. तिच्यामुळें पडद्यावर उठणारे पट्टे कोणालाही मोहक वाटत नाहींत, कारण त्या पट्ट्यांखालीं आजी असते. त्या वाजविणारें यंत्रही आतां नवें मिळत नाहीं. जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ सालीं त्याचें उत्पादन थांबविलें, आणि ती शेवटची होती. भंगारवाल्याला जी वस्तु चालत नाहीं म्हणून निरुपयोगी वाटली, तिच्याच जातीचें एखादें दुरुस्त करण्याजोगें यंत्र आज अशा घरांना हवें आहे. घरचा कॅमेरा बहुधा वडिलांच्या हातीं असे. म्हणून फितींत वडील सहसा दिसत नाहींत, फक्त ऐकूं येतात. "इकडे बघ" एवढेच दोन शब्द, तेही खरखरींत अर्धे बुडालेले.